कठीण मेपल : एका लांकडाचे गुण, दोष आणि उपयोग

लांकूड हा शब्द उच्चारतांच महाराष्ट्रांतील माणसाच्या डोळ्यांपुढें बहुधा साग उभा राहतो. घराचे वासे, दारें, खिडक्या आणि पलंग यांसाठीं साग. कोरीव काम आणि तबल्याचें खोड यांसाठीं शिसव. नांगर आणि बैलगाडीचें चाक यांसाठीं बाभूळ, अशी वांटणी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवानें ठरून गेली आहे. ही वांटणी कोणी ग्रंथ वाचून केलेली नाहीं. कोणतें लांकूड कोठें टिकतें आणि कोठें दगा देतें, हें सुतारानें आपल्या हातानें आणि शेतकऱ्यानें आपल्या खर्चानें ओळखलें. प्रत्येक देशांत अशी एक जुनी ओळख असते. कॅनडाचा आग्नेय भाग आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा ईशान्य भाग मिळून जो थंड प्रदेश होतो, तेथें टणक व झिजेला दाद न देणारें लांकूड म्हणून मान आहे तो मेपल वृक्षाच्या लांकडास. या लांकडानें पुष्कळ कामें उत्तम केलीं; एका ठिकाणीं मात्र त्याच्या काठिण्यावर भरंवसा ठेवणारांस रक्तबंबाळ होण्याची पाळी आली. काठिण्य हा लांकडाचा मोठा गुण खरा. परंतु तो कोणत्या कामीं येतो आणि कोठें अपुरा पडतो, हें या एका लांकडाच्या उदाहरणावरून जितकें स्पष्ट होतें तितकें क्वचितच दुसऱ्या कशावरून होत असेल.

मेपल हें एकाच झाडाचें नांव नाहीं. वनस्पतिशास्त्रज्ञ ज्या प्रजातीला ‘एसर’ म्हणतात, तिच्यांत शंभराहून अधिक जाति मोडतात, आणि त्या युरोप, चीन, जपान, उत्तर अमेरिका व आपल्या हिमालयाच्या उतारांवरही आढळतात. कॅनडानें १५ फेब्रुवारी १९६५ रोजीं जो राष्ट्रध्वज स्वीकारला, त्यावरील तांबडें पान मेपलचेंच होय. इमारती लांकडाच्या बाजारांत मात्र ‘हार्ड मेपल’, म्हणजे कठीण मेपल, हें नांव मुख्यतः दोन जातींच्या लांकडास लावतात. पहिली जात साखरी मेपल, शास्त्रीय नांव एसर सॅकॅरम. दुसरी काळा मेपल, एसर नायग्रम. दोहोंचें लांकूड इतकें सारखें असतें कीं व्यापारी त्यांत भेद करीत नाहींत. तांबडा मेपल आणि रुपेरी मेपल यांच्या लांकडास ‘मऊ मेपल’ म्हणतात. पण हें मऊपण केवळ तुलनेचें आहे. पाइनच्या लांकडाशेजारीं ठेवलें तर हा मऊ मेपलही चांगलाच कठीण ठरतो.

साखरी मेपल हा दीर्घायुषी वृक्ष आहे. चांगल्या जमिनींत तो ८० ते १०० फूट उंच होतो आणि दोन-तीनशें वर्षें जगूं शकतो. त्याचीं रोपें दाट सावलींत तग धरतात, हा त्याचा विशेष. मोठ्या झाडांच्या छायेखालीं एखादें रोप कित्येक वर्षें बोटभर जाडीनें थांबून राहतें. वरचें एखादें झाड वादळानें उन्मळून पडलें कीं मिळालेल्या उजेडांत तें वेगानें वर चढूं लागतें. हिवाळा लांब आणि वाढीचा हंगाम थोडा असल्यामुळें चांगल्या फळ्या निघतील इतकें जाड खोड व्हावयास सामान्यतः शंभर वर्षांच्या आसपास काळ जातो. आजोबांनीं राखलेलें झाड नातवानें तोडावें, असा हा हिशेब आहे.

या लांकडाचे गुण समजून घ्यावयाचे तर त्याची घडण प्रथम पाहिली पाहिजे. लांकूड म्हणजे वस्तुतः असंख्य सूक्ष्म नळ्यांची व तंतूंची जुडी होय. मुळांनीं शोषलेलें पाणी ज्या नळ्यांतून वर चढतें त्यांस वाहिन्या म्हणतात. सागाची फळी आडवी कापून पाहिली तर प्रत्येक वर्षाच्या वाढीच्या आरंभीं मोठ्या वाहिन्यांची एक ओळ दिसते आणि पुढें त्या बारीक होत जातात. सागाच्या फळीवर ज्या ठळक रेषा उमटतात त्यांचें कारण हेंच. मेपलच्या लांकडांत असा भेद नसतो. त्याच्या वाहिन्या अतिशय बारीक असून वर्षाच्या सबंध वाढींत त्या सारख्या अंतरावर विखुरलेल्या असतात. नुसत्या डोळ्यांनीं त्यांचीं छिद्रें जवळजवळ दिसत नाहींत. म्हणून रंधा मारल्यावर या लांकडाचा पृष्ठभाग गुळगुळीत होतो, त्यावरील रेषा फिकट राहतात, आणि रोगण देण्यापूर्वीं छिद्रें बुजविण्याची यातायात करावी लागत नाहीं. त्याचा रंगही सौम्य, म्हणजे सालीकडच्या भागांत दुधी पांढरा आणि गाभ्याकडे तांबूस तपकिरी असतो. पुष्कळ लांकडांत गाभा तेवढा मोलाचा आणि सालीकडचा भाग टाकाऊ मानला जातो. मेपलची गोष्ट उलटी आहे. येथें पांढऱ्या भागालाच भाव अधिक.

काठिण्य या शब्दाचा अर्थ बोलण्यांत सैल असतो. शास्त्रज्ञांनीं त्यास माप दिलें आहे. गाब्रिएल यांका या ऑस्ट्रियन संशोधकानें १९०६ सालीं एक कसोटी सुचविली. ०.४४४ इंच, म्हणजे सुमारें ११.३ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लांकडावर ठेवून ती निम्मी आंत रुतेपर्यंत दाबावयाची. त्यासाठीं जितका भार लागेल तितकें त्या लांकडाचें काठिण्य. या कसोटीस वाळलेला साखरी मेपल १,४५० पौंडांच्या भाराचा आंकडा दाखवितो. अमेरिकेंतील तांबडा ओक १,२९० वर, तांबडा मेपल ९५० वर, आणि पूर्वेकडील पांढरा पाइन अवघ्या ३८० वर थांबतो. आपला साग एक हजाराच्या आसपास असतो. शिसव मात्र मेपलच्याही पुष्कळ पुढें, २,४०० च्या वर जातो. तेव्हां मेपल हें जगांतील सर्वांत कठीण लांकूड नव्हे. त्याचें महत्त्व यांत आहे कीं पुरेसें काठिण्य, सारखी घडण, मोठ्या लांबीच्या सरळ फळ्या आणि आवांक्यांतील किंमत या चार गोष्टी त्यांत एकत्र सांपडतात. एक घनफूट वाळलेल्या मेपलचें वजन सुमारें ४४ पौंड भरतें. सागाचें त्याहून थोडें कमी.

या गुणांचा सर्वांत मोठा उपयोग पायाखालीं होतो. नाचघरें, व्यायामशाळा आणि बास्केटबॉलचीं क्रीडांगणें यांच्या फळ्यांच्या जमिनी अमेरिकेंत बहुतांशीं कठीण मेपलच्या असतात. मेपलच्या जमिनी बनविणाऱ्या कारखानदारांनीं १८९७ सालीं आपली स्वतंत्र संघटना उभारली, यावरून हा धंदा किती जुना आहे हें दिसून येईल. अशा जमिनीवर शेंकडों बूट रोज आपटतात, घासतात आणि एकाएकीं थांबतात. ज्या लांकडांत मऊ व कठीण पट्टे आलटून पालटून असतात, त्यांतील मऊ भाग आधीं झिजतो आणि जमीन खडबडीत होऊं लागते. मेपल सर्वत्र सारखाच झिजतो. शिवाय त्याच्या बारीक घडणीमुळें सहसा ढलप्या सुटत नाहींत. पृष्ठभाग घांसून त्यावर पुन्हां रोगण दिलें कीं तीच जमीन पुनः नवी होते, आणि असें अनेक वेळां करतां येतें.

बोलिंग नांवाच्या खेळाच्या जुन्या पट्ट्यांची रचना याहूनही बोधप्रद आहे. या खेळांत सोळा पौंडांपर्यंत वजनाचा चेंडू साठ फुटांवरील दहा खुंटांकडे घरंगळत सोडावयाचा असतो. लांकडी पट्टे वापरांत होते त्या काळांत कारागीर सबंध पट्टा मेपलचा करीत नसत. खेळाडूच्या हातून सुटलेला चेंडू जेथें आदळतो तेथें पहिले सुमारें पंधरा फूट मेपल. नंतर चेंडू नुसता सरकत जातो त्या मधल्या भागांत मऊ पाइन. आणि जेथें खुंट उभे राहतात व कोसळतात तेथें पुन्हां मेपल. जेथें आघात तेथें कठीण, जेथें केवळ घसरण तेथें मऊ, हा विवेक त्या रचनेंत होता. पुढें १९७० नंतरच्या काळांत कृत्रिम पदार्थांचे पट्टे प्रचारांत आले आणि लांकडी पट्टे मागें पडले. पण खुंटांचा गाभा बहुतेक ठिकाणीं अजून मेपलचाच असतो, वरून तेवढें प्लास्टिकचें कवच असतें.

स्वयंपाकघरांत या लांकडास फार जुना मान आहे. मांस कापण्याचे ठोकळे, भाजी चिरण्याचे पाट, पाव मळण्याचीं मेजें आणि लाटणीं यांसाठीं तें वापरतात. त्यास वास नाहीं, चव नाहीं, आणि छिद्रें बारीक असल्यामुळें अन्नकण आंत अडकून राहत नाहींत. अमेरिकेच्या सरकारी अन्नसंहितेंत अन्नाचा स्पर्श होणाऱ्या पृष्ठभागांसाठीं लांकूड सामान्यतः वर्ज्य मानलें आहे. परंतु कापण्याचे पाट, ठोकळे, पावभट्टीचीं मेजें व लाटणीं यांच्यापुरता अपवाद केला असून तेथें ‘कठीण मेपल किंवा तितकेंच कठीण व दाट घडणीचें लांकूड’ चालेल असें म्हटलें आहे. एका लांकडाचें नांव सबंध वर्गाचें माप म्हणून नियमांत यावें, हा त्याच्या लौकिकाचा दाखलाच होय. प्लास्टिकचे पाट अधिक निर्जंतुक असतात अशी समजूत एके काळीं दृढ झाली होती. डीन क्लायव्हर या अमेरिकन सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञानें आपल्या सहकाऱ्यांसह १९९४ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनीं ती डळमळीत झाली. लांकडावर सोडलेले जंतु पृष्ठभागाखालीं शोषले जातात, तेथें त्यांची वाढ न होतां ते हळूहळू मरतात; उलट सुरीच्या घावांनीं चरे पडलेलें प्लास्टिक धुऊन स्वच्छ करणें कठीण जातें, असें त्यांना आढळलें. अर्थात् यामुळें पाट धुण्याची जबाबदारी टळत नाहीं. लांकडी पाट कढत पाण्यानें धुऊन, पुसून, उभा करून वाळवावा. पाण्यांत भिजत ठेवूं नये.

वाद्यांच्या क्षेत्रांत मेपलचें काम ऐकूं येतें, पण दिसत नाहीं. पियानोंत दोनशेंहून अधिक तारा असतात आणि मोठ्या मैफलीच्या पियानोंत त्या सर्वांचा मिळून ताण सुमारें वीस टन होतो. हा ताण मुख्यतः लोखंडी चौकट सोसते. परंतु प्रत्येक तार ज्या खुंटीला गुंडाळलेली असते ती खुंटी एका जाड लांकडी फळींत ठोकलेली असते, आणि तिला केवळ लांकडाची पकड धरून ठेवते. ही पकड सैल पडली कीं वाद्य बेसूर होतें. म्हणून ही फळी कठीण मेपलचे पातळ थर एकावर एक, तंतूंची दिशा बदलीत, सरसानें जोडून तयार करण्याची पद्धत आहे. खुंटीच्या सर्व बाजूंनीं मग सारखा आवळ बसतो. न्यूयॉर्कच्या स्टाइनवे कारखान्यांत पियानोची वक्र कडाही मेपलच्या लांब पट्ट्यांचे थर एकत्र चिकटवून, सांच्याभोंवतीं वांकवून करतात. मोठ्या पियानोंत असे अठरा थर असतात. या पद्धतीचें पेटंट १८८० सालचें आहे. येथें एक खुलासा करणें अवश्य आहे. व्हायोलिनची पाठही मेपलची असते. परंतु तो युरोपांतील निराळ्या जातीचा, तुलनेनें हलका मेपल होय.

याशिवाय लहानसहान उपयोग पुष्कळच आहेत. सूतगिरण्यांतील बॉबिन, जोडे शिवण्याचे लांकडी सांचे, बिलियर्डच्या जातीच्या खेळांतील काठ्या, विजेच्या गिटारची मान, चाकांवर उभें राहून घसरत जाण्याच्या फळ्या, अशा कित्येक वस्तूंसाठीं तें वापरलें गेलें आहे. कातारी लोकांस तें विशेष आवडतें, कारण चरकावर त्याची कड स्वच्छ निघते. कधीं कधीं या लांकडांत पक्ष्याच्या डोळ्यांसारखे बारीक गोल ठिपके, तर कधीं पाण्यावरील तरंगांसारख्या लाटा उमटतात. अशा लांकडाचे पातळ पापुद्रे काढून ते मौल्यवान सामानावर चिकटवितात. ते ठिपके कोणत्या कारणानें पडतात याविषयीं शास्त्रज्ञांचें अद्याप एकमत झालेलें नाहीं.

आतां दोषांकडे वळावयास हवें. कारण लांकूड वापरणाराचें नुकसान गुणांच्या अज्ञानानें थोडें आणि दोषांच्या अज्ञानानें फार होतें. पहिला दोष ओलाव्याचा. कोणतेंही लांकूड हवेंतील ओलावा घेऊन फुगतें आणि सोडून आकसतें; मेपलमध्यें हें प्रमाण मोठें आहे. ओलें खोड पूर्ण शुष्क होईपर्यंत वार्षिक वलयांच्या दिशेनें तें शेंकडा ९.९ आणि गाभ्याकडून सालीच्या दिशेनें शेंकडा ४.८ आकसतें. सागाचे हेच आंकडे सुमारें ५.३ आणि २.६ आहेत. म्हणजे साग जेथें आपल्या जागीं निवांत बसतो तेथें मेपल जवळजवळ दुप्पट हालचाल करतो. बास्केटबॉलचें क्रीडांगण ५० फूट रुंद असतें. तितक्या रुंदीच्या मेपलच्या जमिनींतील ओलावा शेंकडा एकानें जरी वाढला, तरी हिशेबानें ती सुमारें दोन इंच फुगूं पाहते. हा दाब कोठें तरी जाणारच. म्हणून जाणते कारागीर भिंतीलगत चहूंबाजूंनीं मोकळी जागा सोडतात आणि वर पट्टी बसवून ती झांकतात. ही फट ज्यानें कंजूषपणानें बुजविली, त्याची जमीन पावसाळ्यांत पाठीसारखी वर उचलली जाते. मुंबई किंवा कोंकणासारख्या दमट हवेंत परदेशाहून आणलेली अशी जमीन बसवावयाची असेल तर हा नियम दुप्पट काटेकोरपणें पाळला पाहिजे.

दुसरा दोष कुजण्याचा. सागाच्या गाभ्यांत स्वाभाविक तेलें व इतर द्रव्यें असतात, त्यामुळें बुरशी व वाळवी त्यास सहसा शिवत नाहीं. जहाजें आणि पूल यांसाठीं साग प्रसिद्ध झाला तो याच कारणानें. मेपल सागाहून कठीण असूनही उघड्यावर, पाऊस आणि माती यांच्या संगतींत, थोड्याच काळांत कुजतो. टणकपणा आणि टिकाऊपणा हे दोन भिन्न गुण आहेत, हें यावरून उघड होतें. तोडल्यानंतरही त्याची काळजी घ्यावी लागते. उन्हाळ्यांत तोडलेले ओंडके तसेच पडून राहिले तर पांढऱ्या लांकडावर करडे डाग पडतात. म्हणून झाडें शक्यतों हिवाळ्यांत तोडतात, लगोलग करवतीवर घालतात आणि फळ्या भट्टींत हळूहळू वाळवितात. तिसरा दोष हत्यारांचा. या लांकडापुढें रंध्याचें पातें लवकर बोथट होतें. बोथट पात्यानें काम रेटलें तर लांकूड करपून काळें पडतें. खिळा ठोकण्यापूर्वीं भोंक पाडून न घेतल्यास फळी चिरते किंवा खिळा वांकतो. गडद रंग दिला तर तो ठिकठिकाणीं डागाळतो.

परंतु या लांकडाच्या काठिण्यानें लोकांना खरा चकवा दिला तो खेळाच्या मैदानावर. बेसबॉल या अमेरिकन खेळाची बॅट अनेक दशकें ॲश नांवाच्या झाडाच्या लांकडाची करीत असत. १९९० नंतरच्या दशकांत कॅनडांतील ओटावा येथील सॅम होल्मन या सुतारानें मेपलची बॅट घडविली. ती अधिक कठीण होती आणि चेंडूच्या माऱ्यानें तिचे पापुद्रे सुटत नव्हते. २००१ सालीं बॅरी बाँड्स या खेळाडूनें मेपलच्या बॅटनें एका हंगामांत ७३ वेळां चेंडू मैदानाबाहेर धाडून विक्रम केला, आणि मेपलच्या बॅटना एकदम मागणी आली. थोड्याच वर्षांत एक भयंकर गोष्ट निदर्शनास आली. ॲशची बॅट मोडतांना बहुधा चिरते व लोंबत राहते. मेपलची बॅट मात्र मुठीपाशीं तुटून तिचा टोंकदार तुकडा भाल्यासारखा उडे. २००८ सालीं अशा तुकड्यांनीं एका प्रशिक्षकाचा गाल फाटला आणि प्रेक्षकांत बसलेल्या एका स्त्रीचा जबडा मोडला. २०१० च्या सप्टेंबरांत तर धांवत येणाऱ्या एका खेळाडूच्या छातींत असा तुकडा घुसला. सुदैवानें तो बचावला.

मेपलवर बंदी घालावी अशी मागणी स्वाभाविकपणेंच पुढें आली. तथापि खेळाच्या चालकांनीं आधीं कारण शोधण्याचें ठरविलें आणि विस्कॉन्सिन संस्थानांतील मॅडिसन येथील सरकारी वनोत्पादन प्रयोगशाळेच्या तज्ज्ञांस पाचारण केलें. त्यांनीं हजारों मोडलेल्या बॅट तपासल्या. निष्कर्ष असा निघाला कीं मुख्य दोष लांकडाच्या जातीचा नसून तंतूंच्या दिशेचा आहे. लांकूड तंतूंच्या लांबीच्या दिशेनें बळकट असतें. तंतूंच्या मधून तें सहज फाटतें, हें सरपण फोडणाराही जाणतो. बॅटींतील तंतु तिच्या लांबीशीं समांतर असतील तर आघात सर्व तंतु मिळून सोसतात. ते तिरपे असतील तर मुठीसारख्या बारीक भागांत ते एका कडेकडून दुसऱ्या कडेस निघून जातात आणि त्या तिरप्या रेषेवर बॅट दुभंगते. ॲशमध्यें तंतूंची दिशा डोळ्यांना दिसते. मेपलमध्यें ती दिसत नाहीं. ज्या फिकट रेषा दिसतात त्या वार्षिक वलयांच्या, आणि त्यांवर विसंबलें तर फसगत होते. म्हणजे ज्या बारीक घडणीमुळें मेपल गुळगुळीत आणि सुंदर होतो, तिनेंच त्याचें व्यंग झांकून ठेवलें होतें.

यावर शोधलेला उपाय अत्यंत साधा आहे. बॅटच्या मुठीवर शाईचा एक थेंब ठेवावयाचा. शाई बारीक वाहिन्यांतून पसरते आणि तंतु ज्या दिशेनें जात असतील त्या दिशेनें तिची रेघ लांबते. ही रेघ बॅटच्या लांबीशीं तीन अंशांहून अधिक कोन करीत असेल तर ती बॅट बाद. २००९ पासून हा शाईचा ठिपका सक्तीचा झाला; त्याबरोबरच मेपलच्या बॅटची चेंडू मारण्याची बाजू बदलण्यांत आली आणि पुढें फार हलक्या लांकडावर निर्बंध आले. परिणामीं पुढील कांहीं वर्षांत तुकडे होऊन उडणाऱ्या बॅटींचें प्रमाण निम्म्याहून अधिक घटलें. लांकूड तेंच राहिलें, खेळही तोच राहिला. पारख तेवढी सुधारली, आणि तेवढ्यानें कित्येकांचे डोळे व प्राण वांचले असतील.

झाड उभें असतांना त्याचा जो उपयोग होतो तो येथें सांगितला पाहिजे, कारण त्याचा लांकडाशीं प्रत्यक्ष संबंध आहे. हिवाळा सरतांना, रात्रीं पाणी गोठतें आणि दिवसां वितळतें अशा दिवसांत, साखरी मेपलच्या खोडाला भोंक पाडलें तर त्यांतून गोडसर रस ठिबकतो. त्यांत साखर शेंकडा दोनच्या आसपास असते. सुमारें चाळीस भाग रस आटविला म्हणजे एक भाग पाक मिळतो. ही विद्या तेथील मूळ रहिवाशांची. युरोपांतून आलेल्या वसाहतवाल्यांनीं ती त्यांजकडून घेतली. आज जगांतील या पाकाचा बहुतांश भाग कॅनडाच्या क्वेबेक प्रांतांतून येतो. रस काढल्यानें झाड मरत नाहीं. परंतु प्रत्येक भोंकाच्या वर-खालीं लांकडावर तपकिरी डाग पडतो आणि बुंध्याचा जो भाग फळ्यांसाठीं सर्वांत मोलाचा, तोच डागाळतो. त्यामुळें रानाच्या मालकास निवड करावी लागते : दर वसंतांत थोडा थोडा पाक घ्यावयाचा, कीं शंभर वर्षांनीं एकदांच पांढरें शुभ्र लांकूड घ्यावयाचें. पुष्कळ मालक कांहीं झाडें पाकासाठीं आणि कांहीं लांकडासाठीं अशी विभागणी करतात.

या रानांवर आलेलें एक संकट मात्र मालकाच्या निवडीवर अवलंबून नाहीं. आशियांतील लांब मिशांचा एक भुंगा लांकडी खोक्यांतून समुद्र ओलांडून अमेरिकेंत पोंचला. १९९६ सालीं तो न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांत आढळला. मेपल हें त्याचें आवडतें भक्ष्य. त्याच्या अळ्या खोडांत खोल बोगदे पाडतात आणि झाड आंतून पोखरून मरतें. २००८ सालीं तो मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील वूस्टर येथें सांपडला, तेव्हां त्याचा फैलाव थोपविण्यासाठीं हजारों झाडें तोडावीं लागलीं. शिकागो आणि टोरोंटो या शहरांतून तो प्रयत्नपूर्वक निपटून काढण्यांत आला आहे. अशा किडींना आळा बसावा म्हणून २००२ सालीं आंतरराष्ट्रीय नियम झाला : मालाच्या लांकडी खोक्यांचें लांकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेंटिग्रेड उष्णतेंत तीस मिनिटें तापवावें किंवा त्यास मान्य झालेली दुसरी प्रक्रिया द्यावी, आणि तशी खूण वर उमटवावी. भारतांतून परदेशीं जाणाऱ्या लांकडी खोक्यांवर गव्हाच्या लोंबीची जी खूण दिसते ती याच नियमाची. मुंबईजवळच्या बंदरांत खोक्यावर मारलेल्या त्या छोट्याशा शिक्क्याचा संबंध असा दूरच्या रानांतील मेपलच्या आयुष्याशीं पोंचतो.

कठीण मेपलची ही हकीकत पाहतां लांकडाच्या निवडीचे कांहीं साधे नियम हातीं येतात, आणि ते साग, शिसव किंवा बाभूळ घेणारासही तितकेच उपयोगी आहेत. केवळ कठीण आहे म्हणून लांकूड घेऊं नये. तें आघात सोसावयाचें आहे, पाऊस सोसावयाचें आहे, कीं ताण सोसावयाचें आहे, हें आधीं ठरवावें. तें किती वाळलें आहे, आणि जेथें बसावयाचें तेथील हवा कशी आहे, याची चौकशी करावी. हालचालीस जागा सोडावी. आणि ज्या वस्तूवर माणसाच्या जिवाची सुरक्षितता अवलंबून असेल, मग ती शिडी असो, हातोड्याचा दांडा असो कीं खेळाची बॅट असो, तिच्या तंतूंची दिशा पाहिल्याविना ती हातीं धरूं नये. डोळ्यांस ती दिसत नसेल तर शाईचा एक थेंब दाखवील.